उपरी, सुखवस्तु, मिरासदार : वऱ्हाडच्या गावात परक्याचे घर

'सुखवस्तु' हा शब्द आज खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाविषयी योजला जातो. जुन्या दप्तरांत त्याचा अर्थ निराळा आहे. ज्याची गावात वंशपरंपरेची जमीन नाही, ज्याच्याकडे गावचे वतन नाही, जो गावकीच्या कोणत्याही कामास बांधलेला नाही, आणि तरीही जो आपल्या सोयीने त्या गावी घर करून राहतो, तो सुखवस्तु. शब्दाच्या उत्तरार्धाचा संबंध 'वस्तू'शी नसून 'वस्ती'शी आहे. सुखाने वसणारा, एवढाच मूळ आशय. संपन्नतेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. कारण कशालाही बांधून न घेता गावात राहणे ज्यास परवडते तो बहुधा बऱ्यापैकी स्थितीतलाच असावयाचा. गावाने अशा माणसास नाव दिले होते, यावरून अशी माणसे होती आणि गावाच्या रचनेत त्यांची जागा ठरलेली होती, हे उघड होते.

परक्याने गावात घर घेतले असता गाव त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा प्रश्न अलीकडे युरोपात पुष्कळ चर्चिला गेला आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील दोर्दोन्य प्रांत, वायव्येचा ब्रिटनी, नॉर्मंडी अशा ठिकाणी १९६० नंतर, आणि विशेषेकरून १९८० नंतरच्या दशकात, हजारो इंग्रज कुटुंबांनी खेड्यांतली जुनी घरे विकत घेतली. त्या खेड्यांतील लोकमताचा अभ्यासही झाला आहे. तथापि मराठी वाचकास या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इतके दूर जावयास नको. महाराष्ट्राच्या गावाने हा प्रश्न काही शतके हाताळला, त्यासाठी शब्द घडवले, रीत घडवली, आणि ती रीत मोडल्यावर काय होते हेही अनुभवले. बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे ही रीत पुणे प्रांताच्या आधीच ढिली झाली होती.

प्रथम रीत पाहू. गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. 'पांढरी' हा शब्द केवळ जागेचा वाचक नव्हता. त्या जागेवर राहणाऱ्या समस्त गावासही पांढरी म्हणत. काळीतला जो हिस्सा एका घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आला, ते त्याचे थळ. म्हणून मिरासदारास थळकरी असेही नाव होते. कर्नल साइक्स याने दख्खनच्या जमीनधाऱ्यावर १८३५ साली जे लिहिले, त्यात या थळांचा आणि त्यांवर नांदणाऱ्या जथ्यांचा चांगला तपशील आहे. एका जथ्यातील भाऊबंद एकमेकांचे 'घरभाऊ' म्हणविले जात. घराणे निर्वंश झाले वा परागंदा झाले तरी थळाचे नाव बदलत नसे. जमीन 'गतकूळ' म्हणून नोंदली जाई आणि गेलेल्या कुळाचे नाव तिला चिकटून राही.

मिरासदाराच्या समोर उपरी. 'मिरास' हा शब्द अरबी. वारसा हा त्याचा मूळ अर्थ, 'वारस' हाही त्याच धातूचा. 'उपरी' हा संस्कृत 'उपरि'पासून आलेला; वरून आलेला, पाळेमुळे खाली न गेलेला, असे त्यात सुचवलेले आहे. उपरी कराराने जमीन कसे, करार संपला की उठून जाऊ शके. त्याचा सारा बहुधा हलका असे. मिरासदाराचा सारा भारी, शिवाय बऱ्याच ठिकाणी दर तीन वर्षांनी मिरासपट्टी. जमीन पडीक राहिली तरी तिचे देणे चुकत नसे, आणि घरभाऊ पळून गेल्यास त्याचा बोजा जथ्यावर येई. केवळ पैशाच्या हिशेबाने पाहता उपरी फायद्यात होता. मग मिरासदार होण्याची धडपड कोणी का करावी?

याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांत सापडते, आणि ते घराशी निगडित आहे. मिरासदारास गावसभेत बोलण्याचा अधिकार होता. गायरानावर हक्काने गुरे चारता येत. कित्येक ठिकाणी घरपट्टी व लग्नटक्का त्यास माफ होता. आणि मुख्य गोष्ट ही की, तो गावात घर बांधू शके व ते विकूही शके. उपऱ्याचे घर त्याच्या राहण्यापुरते. तो गाव सोडून गेला की घर गावाचे. भिंती त्याने स्वतः घातल्या असल्या तरी ज्या मातीवर त्या उभ्या, ती पांढरीची. घर विकता येणे हा येथे मालकीचा प्रश्न नव्हता; गावाचा घटक असण्याची ती खूण होती.

उपरी कायमचाच उपरी राहात असे, असा मात्र समज करून घेऊ नये. मिरास विकत मिळे. नावाने वारसा, पण खरेदी करता येणारा : शब्दाच्या व्युत्पत्तीशी हे विसंगत दिसते, परंतु व्यवहारात त्यात काही विचित्र नव्हते. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे की, उपरी मिरास विकत घेऊन गावचे होत असत, आणि गतकुळाच्या जमिनी नजराणा घेऊन त्यांस मिरास करून दिल्या जात. अट एकच. खरेदी दोघांत होत नसे. मिरासपत्र पाटील, कुळकर्णी, गावचे मिरासदार आणि बलुतेदार यांच्या साक्षीने होई. ज्यांस लिहिता येत नसे ते आपापली निशाणी काढीत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. आजच्या दस्तऐवजातल्या साक्षीदाराप्रमाणे ही साक्ष केवळ घडलेल्या गोष्टीचा पुरावा नव्हती. ज्या न्हाव्याने आरशाची निशाणी काढली, त्याने त्या घराची हजामत करावयाची होती आणि त्या घराकडून बलुते घ्यावयाचे होते. निशाणी म्हणजे पुढच्या सर्व व्यवहारास दिलेला होकार.

येथे एका गोष्टीचे विस्मरण होता कामा नये. ज्या गावकीचा होकार एवढा मोलाचा, त्या गावकीचा एक मोठा भाग पांढरीच्या बाहेर ठेवलेला होता. महार हा वतनदार होता, म्हणजे गावचा होता. सीमेच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. पण त्याचे घर गावकुसाबाहेर. 'वतन' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी, मायदेश. मराठीत त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेचा हक्क व त्याबरोबरची चाकरी. महाराच्या वाट्यास या दोन अर्थांपैकी चाकरी पूर्ण आली. वस्तीची जागा आली ती मात्र शिवेजवळची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते यासाठीच. गावचे असणे ही येथे गुलामी झाली होती. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हावयास १९५८ साल उजाडले. जुन्या गावकीचे गोडवे गाताना परक्यास सामावून घेण्याची तिची रीत सांगावी, पण ती रीत कोणासाठी होती हेही सांगावे.

वर वर्णिलेल्या रीतीचे बहुतेक पुरावे पुणे, सातारा, नगर या भागांतले आहेत. वऱ्हाडात चित्र निराळे दिसते. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अमलाखाली तो प्रांत भरडला गेला. १८०३-०४ च्या दुष्काळाने कित्येक गावे ओस पडली. ओस गावास माणूस हवे असते. ते कोठून आले याची चौकशी मागाहून. अशा वेळी कौल देऊन, इस्ताव्याने म्हणजे दर वर्षी थोडा थोडा चढत जाणारा सारा ठरवून, परमुलखातल्या कुणब्यांस बोलावून वसविण्याची पद्धत होती. अशा गावात बव्हंशी सगळेच उपरी. मग उपरी हा शब्द कोणी कोणास लावावा?

त्यात निजामाच्या राज्यात परगणेच्या परगणे मक्त्याने दिले जात. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे १८४० च्या सुमारास वऱ्हाडचा मोठा भाग होता. त्याच्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी आली. या पेढीचे नाव बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. १८२५-२६ साली वऱ्हाडातून थेट मुंबईस कापसाची पहिली मोठी रवानगी तिने केली, आणि खामगावास व इतरत्र कापूस दाबण्याचे कारखाने घातले. खामगावच्या व्यापाराचा आरंभही याच सुमाराचा : १८२० च्या आसपास काही व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने घालून तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा व्यापार सुरू केला, असे वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरवरून समजते. हे व्यापारी व मक्तेदार कोणत्याही गावच्या गोतासमोर उभे राहून गावात शिरले नाहीत. सरकारी सनद घेऊन वा बाजाराच्या वाटेने ते आले. परक्याने गावास न विचारता गावात येणे वऱ्हाडात इंग्रजांच्या आधी सुरू झाले होते.

१८५३ च्या मे महिन्यात निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन रयतवारी धारा बसला. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरला एक खातेदार, आणि खातेदाराचा हक्क वारसाने चालणारा व विकता, गहाण टाकता येणारा. या एका वाक्याने मिरासदार आणि उपरी यांतला जुना भेद कायद्यापुरता संपला. सगळेच मिरासदार झाले, असे म्हणावयास हरकत नाही. पण मिरास म्हणजे गावाच्या साक्षीने मिळणारे स्थान, हा जो तिचा गाभा, तो या नव्या हक्कात नव्हता. घेणारा आणि देणारा यांच्याखेरीज तिसरा पक्ष आता सरकार. गाव हा पक्षच राहिला नाही.

त्याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे भाव चढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा मलकापूर, नांदुरा, शेगाव अशा गावांवरून १८६७ पर्यंत नागपुरास पोचला. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ बनली. व्होल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीने तेथे आपली आडत घातली. कापसाच्या मागोमाग मारवाडचे व्यापारी आणि त्यांचे मुनीम आले; मोठ्या पेठेत आधी, मग आठवडी बाजाराच्या गावी, मग खेड्यात.

इंग्रजांची घरे कोठे होती, असे कोणी विचारील. त्यांनी खेड्यात घरे घेतली नाहीत. १८६७ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्यास झाले ते मुख्यतः तेथील हवेमुळे. गाव सुमारे २,२०० फूट उंचीवर, पायनघाटाच्या उन्हाळ्यापासून सुटका देणारे. तेथे सरकारी बंगले झाले ते गावाबाहेर, आवाराला कुंपण घालून. साहेब बदलीचा माणूस. दोनतीन वर्षांनी बंगला पुढच्या साहेबास. जुन्या परिभाषेत बोलावयाचे तर वऱ्हाडातला गोरा साहेब हा शुद्ध सुखवस्तु होता : राहावयास आला, कशालाही बांधला गेला नाही, निघून गेला. त्याने पांढरीतली जागा मागितली नाही, म्हणून त्याच्या घराबद्दल गावकीस मत बनवावे लागले नाही. सारा कोणी ठरविला याबद्दल मत होते, ती गोष्ट वेगळी.

मत बनवावे लागले ते मारवाडी सावकाराबद्दल. कारण त्याने पांढरीत घर केले. येथे शब्दांकडे पुन्हा वळणे युक्त ठरेल. 'परदेशी' हा मराठीतला जुना शब्द विलायतेच्या माणसासाठी नव्हता. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या शिपाई, व्यापारी, भट्टीवाले यांस परदेशी म्हणत. त्यांतल्या कित्येकांचे ते आडनावच झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहून घरात मराठी बोलणारी कुटुंबे आजही परदेशी या नावाने ओळखली जातात. 'मारवाडी' या शब्दाचे याहून वेगळे झाले. तो प्रदेशवाचक होता, जातिवाचक झाला, मग धंदेवाचक झाला, आणि शेवटी स्वभाववाचक. मराठीत 'मारवाडी' म्हणजे चिकट, असा जो अर्थ रूढ झाला तो अन्यायाचा आहे हे सांगावयास नको. पण भाषेच्या अभ्यासकास तो एक गोष्ट दाखवितो. ज्याला गावाने साक्षीने आत घेतले त्याचे मूळ गाव पुढे केवळ आडनावात उरते. ज्याला असे घेतले नाही त्याचे मूळ ठिकाण शिवी होते.

या स्थित्यंतराचा सर्वांत स्पष्ट पुरावा वऱ्हाडाबाहेरचा आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तेथे बाबासाहेब देशमुख नावाचे एक गृहस्थ राहात. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरप्रमाणे ते शिंद्यांच्या घराण्याशी नाते असलेले, आणि ग्वाल्हेरहून करड्यास राहावयास आलेले. त्यांस कर्ज झाले. गावचे सावकार सारे मारवाडी. त्यांपैकी काळूराम याने कोर्टाचे हुकूमनामे मिळवून देशमुखांचे घर आणि जमीन दीडशे रुपयांत घेतली. १८७४ च्या अखेरीस त्याने देशमुखांस घराबाहेर काढले आणि घर पाडावयास घेतले. त्यावर गाव उठले. दंगा करून नव्हे. गावाने सावकारांचे काम बंद केले. त्यांची शेते कोणी करीना, घरी पाणी भरीना, न्हावी हजामत करीना. सावकारांना गाव सोडून शिरुरास जावे लागले.

ही हकीकत दख्खनच्या दंग्यांची नांदी म्हणून इतिहासात सांगितली जाते, आणि कर्ज व व्याज यांच्याच दृष्टीने तिचे विवेचन होते. ते बरोबरही आहे. परंतु कशाचा बहिष्कार केला गेला, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पाणी, हजामत, शेतावरची मजुरी : मिरासपत्रावर निशाणी काढून गाव ज्या गोष्टी नव्या घरास देऊ करी, नेमक्या त्याच गोष्टी येथे काढून घेतल्या गेल्या. कोर्टाने घर दिले होते. त्या घराचे पांढरीतले स्थान देणे कोर्टाच्या हाती नव्हते. ते गावाने दिले नाही. गावे एकमेकांस बांधून घेण्यासाठी लिखत करीत आणि त्यास 'सामपत्र' म्हणत. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या अशा सामपत्राची नोंद चौकशी-आयोगाने घेतली आहे. म्हणजे गोताची साक्ष नाहीशी झाली नव्हती. होकाराचा कागद बंद झाला तेव्हा तिने नकाराचा कागद लिहिला.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देशमुख स्वतः ग्वाल्हेरहून आलेले. गावाच्या लेखी ते परके नव्हते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला व तेथून तो पसरला, तेव्हा रोख जवळजवळ सर्वत्र मारवाडी व गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकारांस बहुधा हात लागला नाही, असे आयोगाने नमूद केले. व्याजाच्या दरात त्या दोघांत फार फरक होता असे मानण्यास आधार नाही. फरक होता तो हा की, ब्राह्मण सावकार बऱ्याच वेळा गावचा कुळकर्णी, वतनदार, निदान वतनदाराच्या नात्यातला. लग्नाकार्यात, देवळाच्या खर्चात, गावच्या भांडणात सापडणारा. लोकांना तो आवडत असे असे नव्हे. महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातील (१८८३) कुळकर्णी वाचला म्हणजे तो भ्रम राहात नाही. पण तो गावचा होता. द्वेषालाही एक जवळीक लागते. मारवाड्याविषयीच्या रागात ती नव्हती, म्हणून तो राग एका दिवसात वणव्यासारखा पेटू शकला.

वऱ्हाडात १८७५ मध्ये असा वणवा पेटला नाही. कापसाच्या भावाने कास्तकाराच्या हाती अद्याप पैसा होता, हे एक कारण उघड आहे. त्याच्या जोडीस दुसरे कारण मांडता येते : जेथे ओस गावे कौलाने वसली, जेथे मक्तेदार सनद घेऊन आले, तेथे 'आम्हांला विचारले नाही' ही तक्रार पुणे प्रांताइतकी टोकदार असूच शकत नव्हती. विचारण्याची सवय आधीच मोडली होती. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी झाला. वऱ्हाडास तो लागू नव्हता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आले, आणि जमिनीची गहाणखते मोठ्या प्रमाणावर खरेदीखते झाली. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३३ साली कर्ज-समेटाचा आणि १९३९ साली कर्ज-निवारणाचा कायदा केला तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. या दोन पिढ्यांत सावकाराचा वाडा खेड्याच्या मध्यावर उभा राहिला, त्याने धर्मशाळा बांधल्या, देवळांस देणग्या दिल्या, त्याची मुले वऱ्हाडी बोलू लागली. काही घरे खऱ्या अर्थाने गावची झाली. पण या प्रवेशाला मिरासपत्रासारखा दिवस नव्हता. कोणत्या तारखेपासून हा माणूस आपला, हे ना त्याला सांगता येई, ना गावाला.

आता फ्रान्सकडे पाहिले असता तुलना अधिक स्पष्ट होते. हेन्री बुलर आणि कीथ हॉगर्ट यांनी तेथील इंग्रज घरमालकांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की, इंग्रजांनी घेतलेली घरे बहुधा गावाच्या बाहेर, एकटी, पडझड झालेली. फ्रेंच गिऱ्हाइकाला नको असलेली. ज्या घराचे छप्पर कोसळणार होते ते शाकारले जाते, म्हणून स्थानिक लोकांचा विरोध अपेक्षेहून कमी होता. वऱ्हाडच्या ओस गावांतील कौलाची आठवण व्हावी अशी ही स्थिती. पुढे भाव चढले, गावच्या तरुणास घर घेणे अवघड झाले, तशी कुरबुर वाढली. तेथल्या शब्दांतही साम्य आहे. फ्रेंच 'एत्रांजे' म्हणजे परदेशी आणि अनोळखी दोन्ही. नॉर्मंडीच्या बोलीत 'ओर्सँ' म्हणजे उपरा, आणि शेजारच्या मुलखातून आलेला फ्रेंच माणूसही त्यात मोडतो. तेथील खेडुताच्या दृष्टीने लंडनचा माणूस आणि पॅरिसचा माणूस यांत राष्ट्रीयत्वाचा फरक आहे. उपरेपणात फारसा नाही.

मात्र फ्रेंच गावास जे एक साधन मिळाले ते आमच्या गावाने गमावले होते. मास्ट्रिख्टच्या तहानुसार (१९९२) युरोपीय संघाच्या कोणत्याही नागरिकास जेथे राहतो तेथील ग्रामनिवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार आला, आणि फ्रान्समध्ये २००१ पासून तो अमलात आला. गावाचा प्रमुख मात्र त्यास होता येत नसे. पाटीलकी उपऱ्याकडे जात नसे त्यातलाच हा प्रकार. सातशेहून अधिक इंग्रज फ्रेंच ग्रामसभांवर निवडून आलेले होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षीच्या मार्चच्या निवडणुकीत या सर्वांचा अधिकार गेला. घर राहिले, घराचे खरेदीखत राहिले, कर राहिला. गावसभेतले आसन गेले. मिरासदार एका रात्रीत पुन्हा उपरी झाले. अनेक खेड्यांतील फ्रेंच रहिवाशांनीच याबद्दल हळहळ व्यक्त केली, ती या लोकांच्या घराबद्दल नव्हती. त्यांनी गावच्या कामात जो खांदा दिला होता त्याबद्दल होती. दुसऱ्या घरांवरचा राहण्याचा कर फ्रान्सने अजून ठेवला आहे. मुख्य घरांवरचा २०२३ पासून पूर्णतः उठविला. मिरासदारास घरपट्टी माफ आणि उपऱ्यावर लागू, ही आमची जुनी वाटणी यापासून फार दूर नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत दोन्ही देशांनी जवळजवळ एकाच वेळी बंधने घातली. फ्रान्समध्ये १९६० च्या कायद्याने प्रादेशिक भूसंस्था स्थापन झाल्या आणि १९६२ पासून विक्रीस निघालेली शेतजमीन अग्रहक्काने घेण्याचा अधिकार त्यांस मिळाला. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ८९ ने शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन विकण्यास बंदी केली. फरक असा की, फ्रेंच संस्थेत त्या भागातील शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसतात. विदर्भात परवानगी जिल्हाधिकारी देतो. शिवाय हा कायदा घेणारा शेतकरी आहे काय एवढेच विचारतो. कोणत्या गावचा, हे विचारीत नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा रस्त्यालगत दूरगावचा सातबाराधारक शेतकरी जमीन घेऊ लागला तर कायद्याला त्यात काही गैर दिसत नाही, आणि गावाला ते कळते खरेदी झाल्यावर.

कळण्याची जागा म्हणजे चावडी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५० प्रमाणे खरेदीची नोंद फेरफारात घेतल्यावर तलाठ्याने तिची प्रत चावडीवर लावावयाची असते, हितसंबंधी व्यक्तींस कळवावयाचे असते, आणि कोणाची हरकत आल्यास ती नोंदवून घ्यावयाची असते. ज्या ठिकाणी पूर्वी नांगर, आरसा आणि मोगरी यांच्या निशाण्या होत, त्याच चावडीवर आता हा कागद असतो. हरकत घेण्यास हितसंबंध लागतो, आणि गावास गाव म्हणून असा संबंध कायद्याने नाही. मुदत टळली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारावरचे नाव बदलते. बोलण्यात मात्र ते शेत कित्येक वर्षे आधीच्या मालकाच्याच नावाने ओळखले जाते, आणि नवा मालकही आपल्या सालदारास पत्ता सांगताना तेच नाव घेतो.